गब्बरच्या हातून मेलेले मराठी

सिनेमा सुरू झाला की बाकीचे प्रेक्षक हिरोची वाट बघतात; मराठी माणूस आडनावाची वाट बघतो. श्रेयनामावली पडद्यावर सरकायला लागली की त्याची मान इंचभर पुढे येते, डोळे बारीक होतात. छायाचित्रण, कलादिग्दर्शन, वेशभूषा, सहायक, सहायकांचे सहायक. त्या गर्दीत एखादा पाटील, एखादा कुलकर्णी, निदान शेवटी 'कर' असलेला कुणीही सापडला की शेजाऱ्याच्या बरगडीत कोपर बसतं. "आपला दिसतोय." या आपल्याने नेमकं काय केलं याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. त्याने युनिटला चहा पाजला असला तरी सिनेमा आहे त्याहून जरा बरा वाटायला लागतो.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर या छंदाचे जुने उपासक आहेत आणि त्यांतले ज्येष्ठ म्हणजे आप्पा. नात्याने ते कुणाचे कुणी नाहीत, वयाने सगळ्यांचे आप्पा आहेत. सकाळी जैन मंदिराच्या बाजूने येतात, आनंदाश्रमासमोरून जाताना हात जोडतात आणि चहाच्या टपरीपाशी आपली ठरलेली जागा धरतात. विषय राजकारणाचा निघाला की पेपर उघडतात, सिनेमाचा निघाला की मिटतात. टेंभी नाक्यावर राहून राजकारणाचा विषय टाळायचा म्हणजे चौपाटीवर राहून वाळू टाळण्यासारखं आहे, पण आप्पांना ते बऱ्यापैकी साधलं आहे. सिनेमाची पहिली पाच मिनिटं चुकली तर ते तिकीट फुकट गेलं असं समजतात. कारण नावं त्यातच असतात. पुढचे तीन तास नुसती गोष्ट.

आणि आप्पांचा सिनेमा म्हणजे 'शोले'. १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला. त्या पिढीच्या ठाणेकरांनी तो मिनर्व्हाला पाहिला, म्हणजे आधी दादरपर्यंत मध्य रेल्वे, मग पूल चढून-उतरून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, आणि तिथे ती रांग. पहिले काही दिवस जाणकारांनी सिनेमा पडला म्हणून जाहीर करून टाकलं होतं. अमिताभला शेवटी जिवंत ठेवावं का, इथपर्यंत सिनेमा करणाऱ्यांचा विचार गेला होता. मग लोकांनीच तो उचलून धरला आणि मिनर्व्हात तो पाच वर्षांहून जास्त राहिला. त्यामुळे 'बघायचा राहून गेला' असं म्हणायची सोयच उरली नाही. आजारपण, बारसं, बदली, काहीही कारण सांगा. पाच वर्षांत एक शनिवार मिळाला नाही का, हा प्रश्न होताच.

नाक्यावरच्या तरुण मंडळींना 'शोले'ला वेस्टर्न म्हटलेलं पटत नाही. वेस्टर्न म्हणजे टोपीवाले गोरे. आप्पांचं म्हणणं वेगळं आहे. घोडे आहेत, उघडे खडक आहेत, लुटलं जाणारं गाव आहे, पैसे देऊन आणलेले दोन नेमबाज आहेत; आणखी काय पाहिजे? टोपी तर अमिताभच्या आणि धर्मेंद्रच्या डोक्यावर अधूनमधून शोभली असतीच. शिवाय वेस्टर्न नावाचा हा पाहुणा कधी आपल्या घरी राहिलेलाच नाही. कुरोसावाने १९५४ साली जपानमध्ये 'सेव्हन सामुराई' केला. अमेरिकेने त्याचा १९६० साली 'द मॅग्निफिसंट सेव्हन' केला आणि चित्रीकरणाला गेली मेक्सिकोत. सर्जिओ लिओने हा तर रोमचा गडी. त्याने अमेरिकेच्या यादवी युद्धाची गोष्ट स्पेनच्या उन्हात रंगवली. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मधली शेवटची ती अफाट दफनभूमी स्पेनच्या सैनिकांनी हजारो खोट्या थडग्यांनी उभी केली, आणि नट आपापल्या भाषेत बोलत होते. मेळ नंतर डबिंगमध्ये घातला. इतकं सगळं चालत असेल तर सिंधी निर्माता, कर्नाटकातले खडक आणि चंबळच्या बाजूचा डाकू का चालू नये?

या खिचडीत आपलं मीठ किती, हाच आप्पांचा खरा विषय. ते हिशेब पाठ म्हणतात.

पहिलं नाव राम येडेकर, कलादिग्दर्शक. बंगळुरूपासून पन्नासएक किलोमीटरवरचं रामनगर हे तोवर रेशमाच्या कोशांच्या बाजारासाठी माहीत असलेलं गाव. तिथल्या खडकांच्या पायथ्याशी येडेकरांनी रामगढ उभं केलं. सेटपर्यंत जायला वाट नव्हती तर हमरस्त्यापासून रस्ता काढावा लागला. मग घरं, मशीद, शंकराचं देऊळ, ठाकूरचा वाडा, आणि वीरूने आत्महत्येची धमकी द्यायला ती पाण्याची टाकी. चित्रीकरण संपेपर्यंत, ऊन-पाऊस खात, हे गाव उभं राहिलं. आपण पडद्यावर बघतो तेव्हा ते गाव बांधलेलं आहे असं मनातही येत नाही, आणि कलादिग्दर्शकाच्या वाट्याला याच्याहून मोठी दाद येत नाही, वाईट एवढंच की ती त्याला कुणी कळवत नाही. येडेकर पुढे डेव्हिड लीनच्या 'अ पॅसेज टू इंडिया'च्या कलादिग्दर्शनातही होते.

टेंभी नाक्याला येडेकर समजावून सांगावे लागत नाहीत. शिवसेनेच्या आनंद दिघ्यांनी सुरू केलेला इथला नवरात्रोत्सव म्हणजे दरवर्षी नाक्यावर उभं राहणारं एक रामगढच. कधी या राज्यातलं देऊळ, कधी त्या राज्यातलं, आणि नऊ दिवस अख्खं ठाणं त्याच्यासमोर मोबाइल उंच धरून उभं. पण मला त्याच्या आधीचे दिवस जास्त आवडतात. बांबू येऊन पडलेले असतात. एक माणूस वर पाय अडकवून बसलेला असतो, दातांत काथ्याचा तुकडा, आणि दोन्ही हातांनी तो दोन बांबूंच्या फुलीवर फेरे मारत असतो. खालून कुणीतरी ओरडतो, "डावीकडे घे!" तो वरून विचारतो, "तुझ्या की माझ्या?" महिन्याभराने त्याच जागी कोरीव खांब, कमानी, कळस असतो, आणि लोक विचारतात, "दगड खरा वाटतो, नाही?" काथ्यावाला तोवर दुसऱ्या मंडपावर गेलेला असतो. एकदा आप्पांनी त्यांच्यातल्या एकाला 'शोले'तलं गाव एका मराठी माणसाने बांधलं हे कौतुकाने सांगितलं. त्याने क्षणभर विचार केला आणि विचारलं, "सोडवायला किती दिवस लागले?"

हा प्रश्न सिनेमावर लिहिणाऱ्या एकाही विद्वानाला सुचलेला माझ्या वाचनात नाही.

आता कॅमेऱ्यासमोरचे मराठी. आप्पांच्या यादीत ठळक असे तीन आहेत आणि तिघांमध्ये एक विलक्षण साम्य आहे: तिघांनाही गब्बरने मारलं. कालिया म्हणजे विजू खोटे. अहमद म्हणजे सचिन पिळगावकर. आणि ठाकूरचा छोटा नातू म्हणजे मास्टर अलंकार, पल्लवी जोशीचा भाऊ. पंजाबी वीरू जगतो, बसंती जगते, मौसी जगते, सांबा तर खडकावरून हललाही नाही. मराठी मात्र एकजात गेले. आप्पा यात कुणाचा कट बघत नाहीत. त्यांचं एवढंच म्हणणं आहे की मरायला भरवशाचा नट लागतो.

विजू खोट्यांचंच घ्या. नाटकवाल्या नंदू खोट्यांचा मुलगा, शुभा खोट्यांचा भाऊ, दुर्गाबाई खोट्यांचा पुतण्या. एवढं घराणं पाठीशी असलेला माणूस सव्वातीन तासांहून मोठ्या सिनेमात काही मिनिटं दिसतो. रामगढहून हात हलवत परत येतो, सरदारासमोर उभा राहतो, घाम फुटतो, मिठाला जागल्याचं सांगतो. गब्बर पिस्तुलाचं चक्र फिरवून तिघांवर चाप ओढतो आणि तिन्ही वेळा फुसकं निघतं. मग सगळे हसतात. हे हसणं बघा तुम्ही. आधी गब्बर, मग टोळी, आणि सर्वांत शेवटी, आपण वाचलो की काय याची खात्री नसलेला कालिया. ओठ हसतायत आणि डोळे अजून सरदाराच्या हाताकडे आहेत. वरिष्ठांच्या विनोदावर ज्याने ज्याने नोकरीत हसून दाखवलं आहे त्याला हा अभिनय कळतो. पुढे विजू खोट्यांनी ढिगाने भूमिका केल्या, २०१९ साली ते गेले, तेव्हा पेपरांच्या मथळ्यात कालियाच होता.

सचिन तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा असेल, पण कॅमेऱ्यासमोर लहानपणापासून उभा राहिलेला. त्यामुळे त्या युनिटमध्ये तो वयाने लहान आणि नोकरीने बऱ्याच जणांहून जुना अशा अवघड जागी होता. अमजद खान आणि आपण मिळून मारधाडीच्या प्रसंगांच्या दुसऱ्या युनिटवर दिग्दर्शक रमेश सिप्पींच्या वतीने काम बघत होतो, असं सचिनने मुलाखतींतून सांगितलं आहे. म्हणजे मारणारा आणि मरणारा दोघं मिळून शॉट लावत होते. इकडे छोटा अलंकार त्याच वर्षीच्या 'दीवार'मध्ये लहानपणीचा विजय होऊन हातावर गोंदवून घेत होता. 'दीवार' आणि 'शोले' यांत तुम्ही कुठल्या बाजूचे, यावर तेव्हा घरंच्या घरं वाटली गेली होती. तो मुलगा दोन्हीकडे होता.

या मृतांची पुढची भेट आप्पांच्या खास आवडीची. १९८८ साली सचिनने 'अशी ही बनवाबनवी' केला आणि त्यात बळीच्या भूमिकेत कोण? विजू खोटे. गब्बरने मारलेले दोघं तेरा वर्षांनी मराठीत भेटले. आप्पांच्या मते मराठी सिनेमाचा एवढा उपयोग पुरेसा आहे.

आता शिंदे. टेंभी नाक्यावर 'शिंदे' हे नाव काढलं की ऐकणाऱ्याची पाठ आपोआप ताठ होते आणि तो इकडेतिकडे बघून घेतो. त्यामुळे आप्पा आधी हात वर करून सांगतात, "ते नव्हेत. माधव शिंदे. एम. एस. शिंदे. संकलक." मग समोरचा निर्धास्त होतो, आणि 'संकलक म्हणजे काय' असं विचारून आप्पांना हवा तो धागा हातात देतो.

'शोले'साठी सुमारे तीन लाख फूट फिल्म चित्रित झाली असं सांगतात. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. मूळ सिनेमा तीन तास चोवीस मिनिटांचा धरला तर साडेअठरा हजार फुटांच्या आत काम संपतं. आकडे असे नुसते डोक्यात शिरत नाहीत; म्हणून आप्पा त्यांचं मध्य रेल्वेत रूपांतर करतात. तीन लाख फूट म्हणजे एक्क्याण्णव किलोमीटर. ठाणे स्टेशनच्या फलाटावर फिल्मचं टोक धरून रुळांच्या कडेने उलगडत निघालात तर डोंबिवली, कल्याण, टिटवाळा, आसनगाव करत कसारा गाठाल आणि वर घाटाला लागाल. शिंद्यांनी ती कापत कापत मागे आणली ती कुठपर्यंत? जवळजवळ मुंब्र्यापर्यंत. साडेपाच किलोमीटर. कसारा लोकलला लोंबकळून घरी जाणाऱ्या माणसाला हे सांगितलं की तो शिंद्यांबद्दल मनापासून आदर दाखवतो. मधली सगळी स्टेशनं गाळायची, आणि तरी प्रवास पुरा झाल्यासारखा वाटला पाहिजे.

आणि हे संगणकाच्या आधीचं. चिमटीत धरून बघायची फिल्म, तिच्यावर रंगीत पेन्सिलीची खूण, कात्री, जोड, पुन्हा यंत्रावर चढवून बघ, नाही जमलं तर सोड. कापलेले तुकडे खुंट्यांना लटकलेले, प्रत्येकावर नंबर. आठ फ्रेम जास्त की आठ फ्रेम कमी यावर दिग्दर्शकाशी हुज्जत, आणि आठ फ्रेम म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा.

पण लांबी कमी करणं हा कारकुनी भाग झाला. शिंद्यांची कात्री खरी कळते ती आपल्या मृतांच्या बाबतीत. कालियाचं मरण दिसतं. बाकीच्या दोघांचं? पुन्हा आठवून बघा. अहमदला पकडून आणलं आहे. गब्बर खडकावर पसरलेला, हातावरून एक मुंगी चालली आहे. तो तिच्याकडे बघत राहतो आणि चापट मारून तिला चिरडतो. पुढच्या शॉटला घोडा अहमदचं प्रेत घेऊन गावात शिरतो. मुलाच्या वेळी बंदूक रोखलेली दिसते, आवाज होतो, आणि पडद्यावर धडधडत, वाफा सोडत येणारं रेल्वेचं इंजिन. आजोबा सुट्टीवर घरी येतायत. ही युक्ती लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधून आलेली आहे, यात लपवण्यासारखं काही नाही; तिथेही घर, कुटुंब, लहान मुलगा आणि गोळी आहे, आणि पुढे गाडी आहे. ठाकूरचे हातही तसेच. तलवारी वर जातात, आणि पुढे दिसते ती वाऱ्याने उडालेली शाल, रिकाम्या बाह्या. सगळ्या देशाने हात तुटताना पाहिले अशी सगळ्या देशाची खात्री आहे. दाखवलेलं कुणी नाही.

आप्पा हे सांगताना एक जोड देतात. गॅरी कूपरचा 'हाय नून' हा १९५२ चा वेस्टर्न, घड्याळाकडे बघत बसलेल्या एका एकट्या मार्शलचा. त्याला मिळालेल्या चार ऑस्करांपैकी एक संकलनाचं होतं. म्हणजे घोडे पळवणारा कुणीही असो, वेळ पळवणारा टेबलाशी बसलेला असतो. 'शोले'चं तर याहून मजेशीर झालं. फिल्मफेअरसाठी नऊ नामांकनं झाली. अमजद खान नाही, सलीम-जावेद नाहीत, संगीतकार पंचम नाही, सिप्पी नाहीत. मोठी बक्षिसं 'दीवार' घेऊन गेला. 'शोले'ला एकच मिळालं, आणि ते माधव शिंद्यांना. पुढे २००५ साली त्याच फिल्मफेअरने 'शोले'ला पन्नास वर्षांतला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवलं, हे उशिरा आलेल्या मनिऑर्डरीसारखं. पहिल्या दिवशी घरात पैसे होते ते शिंद्यांचेच.

शिंद्यांची शेवटची वर्षं धारावीतल्या एका छोट्या खोलीत गेली. २०१२ साली ते गेले. या जागी आप्पा नेहमी थोडं थांबतात आणि चहा सांगतात, आणि कुणी काही बोललं नाही तर बरं असतं.

आवाजाकडे वळू. पुनर्ध्वनिमुद्रण मंगेश देसाई यांचं, परळच्या राजकमलमधलं. संवाद, पंचमचं पार्श्वसंगीत, घोड्यांच्या टापा, गोळ्या, वारा हे सगळं एका पट्टीत बसवणारा माणूस. राजकमल म्हणजे व्ही. शांतारामांचं घर, 'शोले'चा तुरुंगही तिथेच उभारला होता. त्यामुळे हिटलरची मिशी लावून फिरणारे असरानी ज्या कैद्यांवर गुरकावले ते सगळे परळमध्ये उभे होते. ठाणेकराला अर्थात तुरुंगाचं कौतुक नाही. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला, मराठ्यांनी १७३७ मध्ये जिंकलेला किल्ला आमच्याकडे मध्यवर्ती कारागृह म्हणून वापरात आहे आणि आम्ही त्याच्या भिंतीकडेने भाजी घेऊन रोज जातो.

देसायांच्या कामातला एकच आवाज सांगतो. ठाकूरचं कुटुंब मारलं गेलं आहे. अंगणात चादरी टाकलेली प्रेतं. संगीत नाही, रडणं नाही. फक्त झोपाळ्याची कडी कुरकुरते. आमच्या जुन्या घरांच्या ओटीवर असेच झोपाळे होते, आणि 'शोले' बघून आल्यावर आमच्या आजीने कडीला खोबरेल घातलं. कुणी विचारलं नाही का म्हणून. सत्तर मिलिमीटर आणि स्टिरिओचा लोकांवर परिणाम निराळाच झाला होता. जय नाणं उडवायचा आणि मिनर्व्हातले प्रेक्षक आपल्या खुर्चीखाली बघायचे असं सांगतात. मला यावर विश्वास ठेवायला आवडतं. मराठी प्रेक्षक असेल तर ते नाणं सापडेपर्यंत उठलाही नसेल.

रेल्वेच्या दरोड्याचा प्रसंग तर आमच्या उंबऱ्यापाशी घडला. मुंबई-पुणे मार्गावर पनवेलच्या आसपास तो सात आठवडे चित्रित होत होता. इंग्लंडहून जिम ॲलन, जेरी क्रॅम्पटन अशी मारधाडीतली तज्ज्ञ मंडळी बोलावली होती. घोड्यावरून लोक पडत होते, ओंडक्यांनी भरलेला डबा इंजिनावर आदळत होता. इकडे बसंतीच्या टांग्यावर हेमामालिनीच्या जागी रेश्मा पठाण ही मुलगी हाडं मोडून घेत होती. तिचं नाव लोकांपर्यंत पोचायला चाळीसेक वर्षं लागली. ती 'कर' नव्हती म्हणून आमच्या यादीतही राहून गेली असती. पण एका दिवाळीत आप्पांनी तिला यादीत घेतलं, "मुंबईची आहे" या सबबीवर. सबब काढायला आप्पांना वेळ लागत नाही. पंचमचे तालवाले मारुतीराव कीर तर पहिल्यापासून यादीत आहेत, आणि कॅमेरामन द्वारका दिवेचा यांच्या आडनावावरून अजून वाद चालू आहे.

पनवेल इतकं जवळ असून ठाण्यातून कुणी शूटिंग बघायला गेलं होतं का, हे मी बऱ्याच जणांना विचारलं. सगळ्यांचे काका गेले होते. एकाच्या काकांनी अमजद खानला वडापाव दिला. दुसऱ्याच्या काकांनी गाडीत गर्दीचं काम केलं, पण ते संकलनात उडालं. म्हणजे शिंद्यांनी मुंब्र्यापुढे जी फिल्म टाकून दिली तिच्यात निम्मं ठाणं असलं पाहिजे.

शेवटी शेवटाचा वाद. मूळ सिनेमात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला संपवतो. आणीबाणीचे दिवस होते. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणं सेन्सॉरला मानवलं नाही. पुन्हा चित्रीकरण झालं, ऐनवेळी पोलीस आले, गब्बर बेड्यांत गेला. शिंद्यांच्या कात्रीवर सरकारी कात्री बसली. तो मूळ शेवट धरून नव्याने दुरुस्त केलेली प्रत २०२५ च्या जूनमध्ये आधी दाखवली गेली ती इटलीत, बोलोन्याच्या चौकात, उघड्यावर, खुर्च्या मांडून. लिओनेच्या देशात. आमच्याकडे गणपतीत रस्त्यावर पडदा लावून सिनेमा दाखवायचे तसंच ते, फक्त तिकडे लोक पडद्याच्या मागच्या बाजूने बघत नसावेत.

त्या बातमीवर नाक्यावर दोन तट पडले. गब्बर मेला पाहिजे असे एका बाजूला, कायद्याने झालं तेच बरं असे दुसऱ्या बाजूला. आवाज चढले. रिक्षावाल्यांनी मतं दिली. आप्पांनी पेपर मिटला.

"गब्बर मेला काय आणि पकडला काय," ते म्हणाले, "कालियाचं काय?"

कुणालाच काही कळेना.

"अरे, ठाकूरने घेतला तो मुलांचा आणि नातवाचा सूड. वीरूने जयचा घेतला. अहमदसाठी इमामसाहेब उभे राहिले, गावाला दोन शब्द सुनावले. खोट्यांच्या विजूसाठी कोण उभं राहिलं? मीठ खाल्लं ते गब्बरचं, गोळी खाल्ली तीही गब्बरची. त्याची फिर्याद कुणी नोंदवली?"

टपरीवाला ग्लास विसळता विसळता म्हणाला, "आप्पा, कोर्ट नाका इथून चालत पाच मिनिटं. टाका अर्ज."

"टाकतो," आप्पा म्हणाले. "पण साक्षीदार एकच, तो सांबा. आणि तो विचारल्याशिवाय बोलत नाही."